किती मिलिमीटर उरलेत? ब्रेक पॅड कधी बदलायचे आणि गॅरेजचं बिल कसं वाचायचं

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की दुपारी फोन येतो, "पुढचे ब्रेक पॅड संपलेत, बदलून टाकू का?" यावर बहुतेक जण दोनपैकी एक काहीतरी करतात. ब्रेकचा मामला आहे म्हणून घाबरून "टाका" म्हणतात, नाहीतर हा आपल्याला गंडवतोय असं मनाशी धरून "पुढच्या वेळी बघू" म्हणतात. दोन्ही उत्तरं अंदाजपंचे. विचारायचा प्रश्न एकच आहे: किती मिलिमीटर उरलेत? "आतला अडीच, बाहेरचा चार" असं जो मेकॅनिक सांगतो, त्याने चाक काढून पॅड बघितलेत. "अहो, फारच कमी आहेत" एवढंच जो सांगतो, त्याने बहुधा मीटरवरचे किलोमीटर बघितलेत.

चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो आणि दोघांना धरून ठेवणारा कॅलिपर. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो, पॅड डिस्कवर आवळले जातात आणि गाडीच्या गतीची उष्णता होते. पॅडला पाठीमागे जाड पोलादी पट्टी असते आणि तिच्यावर घर्षणाचा थर चिकटवलेला असतो. झिजतो तो हा थर. पट्टी नुसता आधार.

नव्या पॅडवर हा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो, काही छोट्या गाड्यांत थोडा कमी. पोलादी पट्टी आणखी ५-६ मिलिमीटरची. इथेच पहिली गल्लत होते. कोणी पट्टीसकट मोजून "नऊ आहेत" म्हणालं तर ऐकायला भरपूर वाटतं, प्रत्यक्षात थर तीन-चारच उरलेला असतो. म्हणून आकडा ऐकला की पट्टी धरून की सोडून, तेही विचारायचं.

थर ४ मिलिमीटरवर आला की खर्चाची तयारी ठेवावी. ३ वर बदलून घ्यावेत. बहुतेक कंपन्या २ च्या आसपास शेवटची मर्यादा देतात आणि त्याखाली गाडी चालवणं म्हणजे उगाच जोखीम. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा सर्व्हिसच्या माहितीत असतो. तो आणि वरचे ढोबळ आकडे जुळत नसतील तर मॅन्युअलचं ऐकायचं. "अजून दोन मिलिमीटर आहेत की, वाया कशाला घालवायचे?" हा प्रश्न रास्त वाटतो. पण हा थर उष्णता अडवण्याचंही काम करत असतो. तो पातळ झाला की उतारावर तापलेल्या डिस्कची धग पट्टीतून पिस्टनकडे आणि तिथून ब्रेक ऑइलकडे जाते. शिवाय थर सगळीकडे सारखा झिजत नाही. मधे दोन मिलिमीटर दिसत असतील तर एखाद्या कोपऱ्यात एकच उरलेला असू शकतो.

चाक न काढता काय दिसतं

अलॉय व्हील असेल तर काम सोपं. गाडी थंड असताना मोबाइलचा टॉर्च लावून चाकाच्या आऱ्यांमधून आत बघा. आधी चकचकीत डिस्क दिसेल, तिच्या एका भागावर बसलेला कॅलिपर दिसेल. कॅलिपर आणि डिस्क यांच्या फटीत नीट पाहिलं तर दोन थर वेगळे ओळखू येतात: बाहेरच्या अंगाला गंजाची छटा असलेली पोलादी पट्टी, आणि तिच्यापासून डिस्कपर्यंत मातकट काळा, किंचित खरबरीत थर. हा काळा थर पट्टीपेक्षा जाड असेल तर निर्धास्त राहा. पट्टीइतकाच दिसत असेल तर लक्ष ठेवायची वेळ आलीय. पट्टीच्या निम्मा झाला असेल तर गॅरेजची वेळ घ्या. बऱ्याच पॅडच्या मधोमध एक उभी खाच असते. ती जवळजवळ बुजली असेल तर तीही तीच गोष्ट सांगते. फोटो काढून मोठा करून बघितला तर डोळ्यांना ताण कमी.

यात एक मोठी मेख आहे. बाहेरून दिसतो तो फक्त बाहेरचा पॅड. बहुतेक गाड्यांत पिस्टन आतल्या बाजूलाच असतो. तो आतल्या पॅडला थेट ढकलतो, आणि मग सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला ओढून घेतो. या पिनांवरचं ग्रीस वाळलं किंवा त्यांच्यावर गंज चढला की कॅलिपर सरकायचा थांबतो. मग आतला पॅड एकटा राबतो आणि बाहेरचा जवळपास नवाकोरा राहतो. बाहेरून पाच मिलिमीटर आणि आत लोखंडाला लोखंड, अशी गाडी गॅरेजवाल्यांना नवी नाही. पुढच्या चाकांसाठी एक युक्ती आहे: स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, इंजिन बंद करा, हँडब्रेक लावा आणि चाकाच्या मागून टॉर्च मारा. आतला पॅड थोडाफार दिसतो. पण खात्री हवी असेल तर चाक काढायलाच हवं. टायर अदलाबदल करताना किंवा पंक्चर काढताना चाक निघतंच, तेव्हा तेवढ्यात बघून घेतलं की वेगळी खटपट नको.

पॅड काढल्यावर तो कसा झिजलाय तेही बघण्यासारखं असतं. चपलेची एकच बाजू झिजली तर दोष चपलेत नसतो, चालीत असतो, पॅडचंही तसंच. आतला-बाहेरचा यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक, किंवा एकच पॅड पाचरीसारखा तिरपा झिजलेला, म्हणजे पिना किंवा पिस्टन अडकतोय. अशा वेळी नुसते पॅड बदलून दिले तर नवेही तसेच झिजणार. पैसे गेले आणि रोग तसाच.

आवाज: कुठला ऐकायचा, कुठला सोडायचा

अनेक पॅडना एक छोटी वाकवलेली पत्र्याची पट्टी लावलेली असते. थर साधारण २-३ मिलिमीटरवर आला की ही पट्टी डिस्कला घासू लागते आणि बारीक, टोकदार, कानात शिरणारा किंचाळल्यासारखा आवाज येतो. तो मुद्दामच तसा ठेवलाय, दुर्लक्ष होऊ नये म्हणून. कधी चालताना येतो आणि ब्रेक दाबला की थांबतो, कधी उलट. रोज, प्रत्येक फेरीला येत असेल तर पॅड बघायला हवेत. काही गाड्यांत पत्र्याऐवजी पॅडमध्ये वायर घातलेली असते. थर संपत आला की ती घासून तुटते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. हा दिवा लागला म्हणजे लगेच ब्रेक गेले असं नाही, पण महिनाभर पुढे ढकलण्याचंही ते काम नाही. वायर एकदा घासली गेली की पॅडबरोबर सेन्सरही नवा टाकावा लागतो, म्हणून बिलात ती ओळ दिसली तर दचकू नका.

पावसानंतर किंवा गाडी दोन दिवस उभी राहिल्यावर सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला येणारी खरखर मात्र सोडून द्यायची. डिस्क उघडं लोखंड आहे, तिच्यावर रात्रीत गंजाची पातळ साय धरते आणि पॅड ती खरवडून काढतात. रिव्हर्स घेताना येणारी हलकी किरकिरही बहुतेकदा निरुपद्रवी.

आणि जो आवाज ऐकून गाडी कडेला घ्यायची तो वेगळाच: जाड, घरघरणारा, पेडलमधून पायाला जाणवणारा. थर संपून पोलादी पट्टी डिस्कवर घासतेय. ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं आणि डिस्क दर किलोमीटरला खराब होत जाते. पॅडच्या खर्चात डिस्कचा खर्च मिसळतो तो असा. अशी गाडी चालवत गॅरेजला नेण्यापेक्षा टो करून नेलेली स्वस्त पडते.

पेडल मऊ, खाली-खाली जाणारं लागत असेल तर पॅडना दोष देऊ नका. ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरलीय, ऑइल जुनं झालंय किंवा कुठेतरी गळतंय. वेगात ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरत असेल तर नजर डिस्ककडे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी टायरची हवा, मग कॅलिपर. अचानक जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाला ठोके देतं ते एबीएसचं (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) काम, त्यात बिघाड नाही.

ब्रेक ऑइलच्या डब्याचं एक गणित फार लोकांना माहीत नसतं. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येत जातो, मागची जागा ऑइल भरून काढतं आणि डब्यातली पातळी हळूहळू उतरते. म्हणजे वर्षभरात पातळी थोडी खाली आली तर ती पॅड झिजल्याची खूण. तिथे वरून ऑइल ओतून काठोकाठ भरलं तर पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन आत ढकलल्यावर ते उतू जातं, आणि नेहमीचं डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइल रंगावर सांडलं की रंग उडतो. पातळी आठवड्याभरात धाडकन उतरली तर मात्र गळती आहे. ती गाडी चालवायची नाही.

किलोमीटरचं काय?

"पॅड किती किलोमीटर चालतात?" याला सरळ उत्तर नाही. तीस हजारांपासून सत्तर हजारांपर्यंत काहीही ऐकायला मिळतं आणि सगळे खरंच सांगत असतात. कारण झीज अंतरावर नाही, ब्रेकवर अवलंबून असते. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. शंभरच्या वेगातून एकदा थांबणं म्हणजे पन्नासच्या वेगातून चारदा थांबणं. त्यामुळे सिग्नल दिसल्यावरही शेवटपर्यंत ॲक्सिलरेटर दाबून ठेवणारा आणि आधीच पाय काढून घेणारा, यांच्या एकसारख्या गाड्यांच्या पॅडमध्ये दुपटीचा फरक पडला तरी नवल नाही. घाटात उतरताना खालच्या गिअरमध्ये न उतरता ब्रेकवर पाय ठेवून बसणारे तर पॅड आणि डिस्क दोन्ही भाजून काढतात.

त्यापेक्षा स्वतःच्या गाडीचा हिशोब मांडा. समजा नवे असताना थर १० मिलिमीटर होता आणि २४,००० किलोमीटरवर ६ उरला. चार मिलिमीटरला चोवीस हजार, म्हणजे मिलिमीटरला सहा हजार. तीनपर्यंत यायला अजून तीन मिलिमीटर आहेत, तर ढोबळमानाने १८,००० किलोमीटर. शेवटी झीज जरा वेगाने होते असं धरून पंधरा हजारांवर पुन्हा मोजायचं. आता "आजच बदला, नाहीतर काही खरं नाही" असं कोणी म्हणालं तर तुमच्याकडे उत्तर आहे.

ब्रेक लागताना गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे पुढचे पॅड सहसा आधी संपतात. पुढचे दोनदा बदलले तरी मागचे एकदाच, हे नेहमीचं आहे. म्हणून "चारही चाकांचे बदलू" ऐकलं की चारही चाकांचे आकडे मागा. मागे ड्रम ब्रेक असतील तर आत पॅडऐवजी लायनर असतात, ते ड्रम उघडल्याशिवाय दिसत नाहीत आणि फार सावकाश झिजतात. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत मोटरच गाडीचा वेग बराचसा कमी करते, त्यामुळे पॅड वर्षानुवर्षं टिकतात. तिथे झिजण्यापेक्षा न वापरल्याने गंजून अडकण्याची भीती जास्त.

बिल

रकमेचा एकच आकडा सगळ्या गाड्यांना लागू पडत नाही. पण बिलाची घडण सगळीकडे सारखी: पॅड, मजुरी आणि "इतर". वाद होतात ते बहुतेक या तिसऱ्यात.

पॅड खोक्याने मिळतात आणि एका खोक्यात चार असतात, म्हणजे पुढच्या (किंवा मागच्या) दोन्ही चाकांचे. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकत्रच बदलायचे, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. म्हणून भाव विचारताना "हा एका चाकाचा की दोन्हीचा?" हे आधी स्पष्ट करून घ्या. फोनवर निम्मा वाटलेला भाव गॅरेजमध्ये दुप्पट होतो तो इथेच. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातले पॅड सगळ्यात महाग. कंपनीला पॅड पुरवणारा कारखाना अनेकदा स्वतःच्या नावानेही पॅड विकतो, ते साधारण स्वस्त पडतात आणि माझ्या मते पैशाला सगळ्यात जागणारे तेच. अनोळखी नावाच्या, फारच स्वस्त पॅडपासून लांब राहावं. ब्रेक ही बचत करायची जागा नव्हे. खोक्यावर ईसीई आर-९० (बदली पॅडसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम) ही खूण असेल तर त्या पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असल्याची चाचणी झालेली असते. काही पॅडच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. पहिलं थंड असतानाच्या पकडीचं, दुसरं गरम असतानाच्या. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्याही वर. ही अक्षरं दर्जा सांगत नाहीत, फक्त पकड सांगतात.

मजुरी वेळेवर मोजतात. सरावलेल्या हाताला दोन्ही पुढच्या चाकांचे पॅड बदलायला साधारण तास लागतो, गंजलेले बोल्ट असतील तर दीड. त्या गॅरेजचा तासाचा दर विचारला की मजुरी वाजवी आहे का ते लगेच कळतं. डिस्कही बदलायची असेल तर पॅड आणि कॅलिपर तसेही निघतातच, वर थोडंच काम वाढतं. तेव्हा "पॅड बदलण्याची मजुरी" आणि "डिस्क बदलण्याची मजुरी" अशा दोन पूर्ण ओळी दिसल्या तर एकाच कामाचे दोनदा पैसे लागलेत. हे न भांडता, नुसतं विचारलं तरी बहुतेकदा कमी होतं. मागच्या चाकांना इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर स्कॅनर लावून तो सर्व्हिस मोडमध्ये घ्यावा लागतो, त्याचे थोडे जादा पैसे रास्त आहेत.

आता "इतर". पिना साफ करून त्यांना ब्रेकचं खास ग्रीस लावणं, पॅड बसतात ती जागा घासून घेणं, हे पॅड बदलण्याच्या कामातच येतं. "ब्रेक क्लीनिंग" म्हणून त्याची वेगळी मोठी रक्कम लावायचं कारण नाही. पण हे काम खरंच झालं का ते बघा, कारण सगळ्यात स्वस्त भाव देणारा गॅरेजवाला वाचवतो तो हाच अर्धा तास. छोट्या क्लिपांचा संच नवा टाकला तर हरकत नाही. ब्रेक ऑइल बदलणं ही वेगळी गोष्ट आहे. ते हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, ओलावा शोषल्यावर १५५ धरतात. म्हणून बहुतेक कंपन्या ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. दोन वर्षं झाली असतील तर याच वेळी उरकून घ्या. सहा महिन्यांपूर्वीच बदललं असेल तर नव्या पॅडसाठी ते पुन्हा बदलायची गरज नाही. कॅलिपर ओव्हरहॉल, म्हणजे उघडून दुरुस्ती, सुचवला तर फाटलेलं रबर, ओघळलेलं ऑइल किंवा अडकलेला पिस्टन दाखवायला सांगा.

डिस्कचा निकाल डोळ्यांनी लावायचा नाही. बहुतेक डिस्कवर त्यांची किमान जाडी कोरलेली असते. समजा नवी २२ मिलिमीटरची आहे आणि किमान २०, तर मायक्रोमीटरने मोजून २१ भरल्यावर ती चालते. कडेला आलेली धार किंवा बारीक रेघा म्हणजे डिस्क गेली असं नव्हे. लेथवर घासून घ्यायची म्हटलं तर घासल्यानंतर ती किमान जाडीच्या वर राहणार का, हे आधी विचारायचं.

काम झाल्यावर जुने पॅड परत मागा. ते हातात आले की मिलिमीटरचा आकडा स्वतः पडताळता येतो, आणि मागणार हे आधीच सांगून ठेवलं तर गरज नसताना पॅड बदलले जाण्याची शक्यता आपोआप कमी होते.

गाडी ताब्यात घेतल्यावर हलवायच्या आधी पेडल तीन-चारदा दाबून बघा. पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्यांदा ते थेट तळाला जाऊ शकतं; कडक झाल्याशिवाय निघायचं नाही. नवे पॅड डिस्कवर नीट बसायला पहिले दोन-तीनशे किलोमीटर लागतात. रिकाम्या रस्त्यावर साठच्या वेगातून वीसपर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा, मधे गार व्हायला वेळ द्या, आणि ब्रेक तापलेले असताना पेडल दाबून उभं राहू नका. थोडा जळका वास येईल, तो जातो. आठवड्याभरानंतरही किरकिर राहिली तर ग्रीस लावायचं राहिलंय किंवा एखादी क्लिप नीट बसलेली नाही. गाडी त्याच गॅरेजला परत न्या. ते नीट करून देणं दिलेल्या मजुरीतच येतं.